कीबोर्डच्या ओळखपत्रात अक्षरे का नसतात

लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डविषयी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा मध्यवर्ती भाग, काय जाहीर करतो हे पाहण्यासाठी काही वर्षांपूर्वी मी सिसएफएसमधली (उपकरणांची माहिती कर्नल जिथे फाइलींच्या रूपात मांडतो तिथली) ‘मॉडएलियस’ नावाची एकओळी फाइल पहिल्यांदा उघडली, तेव्हा तिच्यात जे होते त्यापेक्षा जे नव्हते त्यानेच मी जास्त चक्रावलो. पडद्यावर ती ओळ रोमन अक्षरांत आणि सलग असते. इथे वाचायला सोपी जावी म्हणून ती उच्चाराप्रमाणे आणि मध्ये जागा सोडून लिहितो:

इनपुट: बी००११ व्ही०००१ पी०००१ ईएबी४१ - ई०,१,४,११,१४, के७१,७२,७३,७४,… आर ए एम४, एल०,१,२, एस एफ डब्ल्यू

यातले सगळे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचे आहेत. सुरुवातीचा ‘बी’ बस, म्हणजे उपकरण ज्या मार्गाने जोडलेले आहे तो, सांगतो आणि ११ म्हणजे आय८०४२ हा जुना कीबोर्ड-नियंत्रक; त्यापुढचे तीन भाग उत्पादक, उत्पादन आणि आवृत्ती सांगतात. आडव्या रेघेनंतर उपकरणाच्या क्षमता सुरू होतात. ‘ई’पुढे कोणत्या प्रकारच्या घटना येऊ शकतात ते असते: १ म्हणजे कळा, ११ म्हणजे दिवे, १४ म्हणजे कळ दाबून धरल्यावर होणारी पुनरावृत्ती. ‘एल’पुढचे ०, १, २ हे नमलॉक, कॅप्सलॉक आणि स्क्रोललॉकचे दिवे. आणि ‘के’ म्हणजे कळा. तिथे ७१ आहे, ती आवाज बंद करण्याची कळ, ७२ आणि ७३ आवाज कमी-जास्त करण्याच्या, ७४ पॉवरची. पण ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, एंटर नाही, स्पेस नाही. ज्या वस्तूवर मी रोज हजारो अक्षरे बडवतो, तिच्या ओळखपत्रात एकही अक्षर नाही.

हे गूढ उकलायचे तर ती ओळ कोणासाठी लिहिलेली आहे ते पाहावे लागते. ती माणसासाठी नाही आणि कीबोर्ड वापरणाऱ्या कार्यक्रमासाठीही नाही. हे उपकरण आत्ताच अवतरले आहे, त्याच्यासाठी कोणते मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडायचा, बहुधा ड्रायव्हर असलेला तुकडा) लोड करायचे, एवढा एकच प्रश्न सोडवणाऱ्यासाठी ती आहे. उपकरण चालवणारे ड्रायव्हर ‘आपोआप’ लोड होतात असे आपण सहज म्हणतो, आणि त्या शब्दामुळे कर्नल उपकरणाकडे पाहून योग्य ड्रायव्हर शोधून काढत असेल असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात कोणते मॉड्यूल लोड करायचे याचा शोध कर्नल घेतच नाही. तो उपकरणाचे वर्णन एका ठरावीक साच्यात मोठ्याने वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. त्या वर्णनाशी कोणाचा दावा जुळतो हे बाहेर, एका साध्या मजकुराच्या यादीत पाहिले जाते. गेल्या काही वर्षांत इनपुट उपकरणांच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या, त्यातल्या बहुतेकींचे मूळ मला याच यादीत किंवा तिच्यात नसलेल्या ओळीत सापडले.

पूर्वी हे असे नव्हते. १९९९ च्या जानेवारीत २.२ कर्नल आला तेव्हा मॉड्यूल मागवण्याची सोय होती, पण ती गरज पडल्यावर चालणारी होती: एखादा कार्यक्रम उपकरणाची फाइल उघडायचा, तिच्या मेजर क्रमांकाचा, म्हणजे ड्रायव्हर ओळखण्याच्या क्रमांकाचा, ड्रायव्हर हजर नसेल तर कर्नल मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबला हाक मारायचा, आणि त्या क्रमांकामागे कोणते मॉड्यूल आहे हे कॉन्फिगरेशन फाइलीत कोणीतरी हाताने लिहून ठेवलेले असावे लागायचे. २.४ मध्ये हॉटप्लग आले. उपकरण जोडले की कर्नल एक बाहेरचा कार्यक्रम चालवायचा आणि त्यामागे शेल स्क्रिप्टांची एक वरात असायची. यूएसबी, पीसीआय, इनपुट अशा प्रत्येकासाठी वेगळा नकाशा, वेगळी स्क्रिप्ट, वेगळे तुलनेचे नियम. २.६ च्या मालिकेत हे सारे नकाशे गुंडाळून प्रत्येक बससाठी एकाच धर्तीची ओळ ठरवली गेली, आणि तीच मॉडएलियस. माझ्या मते या सबंध व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता, कारण त्यामुळे तुलना करणाऱ्याला बसची भाषा समजण्याची गरज उरली नाही. त्याला फक्त दोन मजकूर जुळतात का एवढेच पाहायचे असते.

एक साधा यूएसबी माउस जोडून काय घडते ते पाहू, कारण त्या एका माउससाठी एक नव्हे तर तीन ओळखपत्रे निघतात आणि हीच गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

पहिले ओळखपत्र यूएसबीचे. कर्नलमधला यूएसबीचा गाभा माउसचे डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याने स्वतःविषयी दिलेली माहिती, वाचतो आणि प्रत्येक इंटरफेससाठी (उपकरणाच्या एकेका कामाच्या भागासाठी) ओळ बनवतो. तिच्यात उत्पादक आणि उत्पादनाचे क्रमांक असतातच, पण इथे महत्त्वाचे असतात ते शेवटाकडचे तीन आकडे: इंटरफेसचा वर्ग ०३, उपवर्ग ०१, प्रोटोकॉल ०२. वर्ग ३ म्हणजे माणसाने हाताळायची उपकरणे, ज्यांना हिड म्हणतात. उपवर्ग १ म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बायोसलाही समजेल अशा सोप्या रीतीने बोलू शकणारे. प्रोटोकॉल २ म्हणजे माउस, कीबोर्ड असता तर तिथे १ असते. ही ओळ नेटलिंक सॉकेटवरून, म्हणजे कर्नल बाहेरच्या कार्यक्रमांशी बोलतो त्या वाटेने, उपकरणांच्या घटना हाताळणाऱ्या यूडेव्ह या कार्यक्रमाकडे जाते. यूडेव्हच्या नियमांत एक अतिशय छोटा नियम आहे, ज्याचा अर्थ एवढाच की घटनेसोबत मॉडएलियस आला असेल तर तो जसाच्या तसा मॉड्यूल लोड करणाऱ्याकडे द्यावा. तो लोड करणारा ‘मॉड्यूल्स डॉट एलियस’ या हजारो ओळींच्या यादीत जुळणी शोधतो. तिथे यूएसबीहिडची ओळ जवळजवळ सगळीच चांदण्यांनी, म्हणजे ‘काहीही चालेल’ असे सांगणाऱ्या चिन्हांनी, भरलेली आहे: उत्पादक कोणताही, उत्पादन कोणतेही, फक्त इंटरफेसचा वर्ग ०३ हवा. म्हणून कोणत्याही कंपनीचा माउस लावला तरी यूएसबीहिड येतो.

पण यूएसबीहिड आला म्हणजे माउस चालू झाला असे नाही. यूएसबीहिडला फक्त तारेवरून अहवाल आणता येतात. त्या अहवालातला कोणता बिट कळ आहे आणि कोणता सरकणे आहे हे उपकरणाच्या रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये लिहिलेले असते. तो वाचून हिडचा गाभा दुसरे उपकरण उभे करतो, यावेळी हिड नावाच्या बसवर, जी २००८ मध्ये २.६.२८ कर्नलबरोबर आली. दुसरे ओळखपत्र तिथून निघते. त्यात बस, उत्पादक आणि उत्पादन यांच्यासोबत ‘जी’ हे अक्षर असते, म्हणजे गट, आणि हा गट मला फार आवडतो. तो उपकरणाने सांगितलेला नसतो, कर्नलने ताडलेला असतो. ड्रायव्हर ठरण्याआधीच कर्नल रिपोर्ट डिस्क्रिप्टर एकदा वरवर चाळतो. त्यात प्रत्येक बोटाला वेगळा क्रमांक देणारी नोंद आढळली की गट १ ऐवजी बहुस्पर्शाचा, म्हणजे २ होतो, आणि मग ओळखपत्र हिड-मल्टीटच या मॉड्यूलशी जुळते. नवीन टचस्क्रीनचा उत्पादन क्रमांक कोणी यादीत टाकलेला नसला तरी ती चालते, ती या चाळण्यामुळे. ओळखीऐवजी लक्षणांवरून निवड करण्याची ही पहिली जागा.

साध्या माउसच्या वाट्याला मात्र हिड-जेनेरिक येतो, ज्याच्या दाव्यात सगळीकडे चांदण्याच आहेत. इथे एक अडचण होती. जेनेरिक कोणालाही चालतो, मग खास ड्रायव्हर असलेल्या उपकरणाला त्यानेच आधी धरले तर काय? पूर्वी यासाठी गाभ्यातच खास उपकरणांची एक लांबलचक यादी ठेवलेली असे, आणि प्रत्येक नवा खास ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्या दुसऱ्या यादीतही नोंद करायला विसरू नये याची काळजी घ्यावी लागे. २०१८ मध्ये आलेल्या ४.१६ कर्नलमध्ये बेंजामिन तिस्वार यांनी ही सक्ती काढली: आता जेनेरिक उपकरण धरतो, पण खास ड्रायव्हर नंतर लोड झाला तर ते त्याच्या स्वाधीन करतो. पडद्यावर कर्नलचे संदेश वाचत बसलेल्याला तेच उपकरण क्षणात दोनदा जोडल्यासारखे दिसते आणि बिघाड असल्याची शंका येते. बिघाड नसतो, हस्तांतरण असते.

तिसरे ओळखपत्र हे इनपुटचे, आणि आपण सुरुवातीला पाहिले ते याच जातीचे. १९९९ च्या सुमारास वोयतेख पावलिक यांनी लिनक्ससाठी इनपुटची जी रचना मांडली तिचा गाभा असा की हार्डवेअरशी बोलणारे ड्रायव्हर एका बाजूला आणि त्यांच्याकडून आलेल्या घटना वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवणारे हँडलर दुसऱ्या बाजूला असावेत, आणि दोघांना एकमेकांची काहीही माहिती नसावी. माउसचा ड्रायव्हर ‘आडवे तीन घरे सरकलो’ एवढे सांगतो. ते इव्हडेव्हने उचलायचे, माउसडेव्हने की जॉयडेव्हने, हा त्याचा विषय नाही. आता हे हँडलरसुद्धा मॉड्यूलच आहेत आणि तेही वेळेवर लोड व्हावे लागतात. म्हणजे इनपुट उपकरणाच्या बाबतीत आपोआप लोड होणे दोन वेगळ्या अर्थांनी घडते: आधी हार्डवेअरचा ड्रायव्हर येतो, तो इनपुट उपकरण नोंदवतो, त्या नोंदणीतून नवी घटना निघते आणि तिच्यामुळे हँडलर येतो. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची सवय असलेल्या माणसाला ही दुसरी फेरी अनपेक्षित वाटते.

या दुसऱ्या फेरीत उत्पादक कोण याला जवळजवळ किंमत नसते. जॉयडेव्हचा दावा असा आहे: ज्या उपकरणात निरपेक्ष अक्षांच्या घटना आहेत, म्हणजे ‘ई’मध्ये ३ आहे, आणि ‘ए’मध्ये ०, म्हणजे आडवा अक्ष आहे, ते माझे, किंवा ज्याच्या कळांमध्ये १२० ही जॉयस्टिकची कळ किंवा १३० ही गेमपॅडची कळ आहे, ते माझे. इव्हडेव्हचा दावा तर याहून उघडा आहे, सगळेच माझे. म्हणून प्रत्येक इनपुट उपकरणाला इव्हेंटची एक फाइल मिळते आणि गेमपॅडला तिच्या जोडीने जॉयस्टिकचीही.

जुळणी मजकुराची असल्यामुळे ती जाणूनबुजून सैल ठेवलेली आहे. लॅपटॉपवर कधीही गेमपॅड न लावलेल्या माणसालासुद्धा लोड झालेल्या मॉड्यूलांत जॉयडेव्ह दिसतो, कारण टचपॅडलाही आडवा अक्ष असतो आणि मजकुराच्या पातळीवर तो जुळतो. मॉड्यूल आल्यावर कर्नल बिट तपासून खरी जुळणी करतो, जॉयडेव्ह स्वतःही एक नजर टाकतो, आणि टचपॅड त्याच्या पदरात पडत नाही. मॉड्यूल मात्र स्मृतीत बसून राहते. काहींना ही उधळपट्टी वाटते. मला वाटत नाही. चुकून एखादे जास्तीचे मॉड्यूल आले तर थोडी जागा जाते, हवे ते मॉड्यूल आलेच नाही तर उपकरण मुके राहते.

आता अक्षरांचे गूढ उलगडता येईल. कर्नलच्या स्रोतात कळांच्या क्रमांकांच्या यादीत एक सीमा आखलेली आहे: दशमानातल्या ११३ पासून, म्हणजे आवाज बंद करण्याच्या कळीपासून पुढच्या कळाच ‘दखल घेण्याजोग्या’ समजाव्यात. एस्केप १, एंटर २८, ‘ए’ ३०. सगळ्या या सीमेच्या खाली. त्या जवळपास प्रत्येक कीबोर्डवर असतातच, त्यांच्यावरून कोणत्याही हँडलरची निवड ठरत नाही, आणि त्या लिहिल्या तर ओळ उगीच फुगते, म्हणून त्या गाळलेल्या आहेत. तिथल्या टिपणीत हेच कारण दिलेले आहे. ओळखपत्रात अक्षरे नसतात, कारण ज्याला ते दाखवायचे त्याला अक्षरांशी कर्तव्यच नसते.

एवढे गाळूनही ओळ फुगू शकते. घटनेसोबत जाणाऱ्या सगळ्या मजकुराला कर्नलमध्ये २०४८ बाइटची जागा असते. खऱ्या कीबोर्डला ती पुरते, पण झेन या आभासीकरणाच्या प्रणालीवर चालणाऱ्या आभासी यंत्रातला कीबोर्ड-ड्रायव्हर पलीकडून कोणती कळ येईल हे ठाऊक नसल्यामुळे शक्य त्या सगळ्या कळांवर हक्क सांगतो. त्याची ओळ त्या जागेत मावत नसे, घटना पाठवणेच फसत असे, आणि बाहेरच्या कार्यक्रमांना असा कीबोर्ड आहे याचा पत्ताच लागत नसे. २०२४ मध्ये इनपुटचे मेंटेनर, म्हणजे कर्नलच्या त्या भागाची देखभाल करणारे, दिमित्री तोरोखोव यांनी यावर उपाय केला: ओळ मावत नसेल तर कळांची यादी मध्येच तोडायची आणि पुढे आणखी आहे हे कळावे म्हणून एक अधिक चिन्ह ठेवायचे. हा बदल वाचून मला हसू आले होते, कारण फॉर्मवर जागा संपली की आपणही ‘इत्यादी’ लिहून मोकळे होतो.

दावे यादीत पोहोचतात कसे, याचा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. एका छोट्या बोर्डावर फिरवायच्या एका बटणासाठी मी ड्रायव्हर लिहिला होता. हाताने लोड केला की बटण उत्तम चाले. बोर्ड बंद करून सुरू केला की मौन. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे याच्या वर्णनात, नोंद होती, ड्रायव्हरमध्ये जुळणीचा तक्ता होता, दोन्हीकडची नावे अक्षरशः सारखी होती. सबंध संध्याकाळ मी तारा आणि वीजपुरवठा तपासण्यात घालवली. शेवटी मॉड्यूलची माहिती दाखवणारा मॉडइन्फो चालवून पाहिले तेव्हा त्यात एलियसची, म्हणजे दाव्याची, एकही ओळ नव्हती. तक्ता होता, पण तो जाहीर करणारी ‘मॉड्यूल डिव्हाइस टेबल’ ही एक ओळ लिहायचीच राहून गेली होती.

ही ओळ चालत्या ड्रायव्हरसाठी काहीही करत नाही, म्हणूनच तिचा विसर पडतो. तिचा उपयोग बांधणीच्या वेळी होतो: मॉडपोस्ट हा कार्यक्रम तयार मॉड्यूलमधला तो तक्ता वाचतो, त्यातल्या प्रत्येक रांगेचे चांदण्यांसह मजकुरात रूपांतर करतो आणि तो मजकूर मॉड्यूलच्याच पोटात ठेवतो. पुढे मॉड्यूल बसवताना डेपमॉड सगळ्या मॉड्यूलांच्या पोटातले असे मजकूर गोळा करून एक यादी करतो. मॉड्यूल एकदा लोड झाले की कर्नल थेट तक्ता पाहतो, म्हणून हाताने लोड केल्यावर सगळे सुरळीत. लोड होण्याआधी मात्र जगाला फक्त यादी दिसते, आणि यादीत माझा ड्रायव्हर जन्मलाच नव्हता. आज कोणी ‘मॉडप्रोब केले की चालते, एरवी नाही’ असे म्हटले की मी बाकी काही विचारण्याआधी मॉडइन्फोचे उत्तर मागतो.

अशाच आणखी एका चकव्यात अनेक जण सापडले असतील. डिव्हाइस ट्रीमधून उभे राहिलेले आय-स्क्वेअर-सी बसवरचे उपकरण पूर्वी ओळखपत्रावर डिव्हाइस ट्रीचे नाव न छापता आय-स्क्वेअर-सीच्या पद्धतीचे नाव छापत असे. ड्रायव्हरने केवळ डिव्हाइस ट्रीचा तक्ता जाहीर केला असेल तर दोघे एकाच खोलीत उभे राहूनही एकमेकांना ओळखत नसत. पुढे हे बदलले. एसपीआय बसने जुनी रीत सोडलेली नाही.

जुना गोल पिनेचा पीएस/२ माउस या सगळ्या शिस्तीच्या बाहेर आहे, कारण त्याच्याकडे ओळखपत्र छापण्यासारखे काही नसतेच. अशा पोर्टांसाठीच्या सीरिओ बसवर जी ओळ निघते ती माउसची नसून त्या पोर्टाची असते, आणि तेवढ्यावर पीएसमाउस लोड होतो, मग पलीकडे साधा माउस असो, चाक असलेला असो की लॅपटॉपचा टचपॅड. त्यानंतरची ओळखपरेड मॉड्यूलच्या आत चालते आणि ती पाहण्यासारखी असते. ड्रायव्हर माउसला नमुने घेण्याचा वेग २०० ठेवायला सांगतो, लगेच १०० ठेवायला सांगतो, लगेच ८०. कोणत्याही शहाण्या वापरात कोणी असे तीन वेग लागोपाठ मागणार नाही, आणि नेमके म्हणूनच ती खूण ठरली आहे. त्यानंतर ओळख विचारल्यावर साधा माउस पहिल्यासारखा ० सांगतो, चाक असलेला ३ सांगतो. दारावर ठरलेल्या ठेक्यात टकटक केल्यावर आतून ठरलेले उत्तर यावे, तसे. आपोआप लोड होण्याची हद्द इथे संपते आणि विचारपूस सुरू होते. टचपॅड चुकून साधा माउस म्हणून ओळखला गेला तर दोष यादीत शोधण्यात अर्थ नाही, तो या संवादात शोधावा लागतो.

हल्लीच्या लॅपटॉपांत टचपॅड बहुधा आय-स्क्वेअर-सी बसवर असतो आणि एसीपीआयच्या कोष्टकात, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात, त्याच्या नावासोबत पीएनपी०सी५० हे सामाईक नाव दिलेले असते. त्या नावावरून योग्य मॉड्यूल अचूक लोड होते, आणि तरीही टचपॅड हलत नाही, अशी तक्रार मी कितीदा पाहिली असेल. अशा वेळी गोंधळ मॉड्यूल लोड होणे आणि ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाणे या दोन पायऱ्या एकच समजण्यातून होतो. टचपॅडला आपल्याकडे काही सांगायचे असले की तो एका जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या) पिनेवरून खूण करतो. त्या पिनेचा नियंत्रक हा वेगळा ड्रायव्हर. तो अजून आला नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर ५१७ ही त्रुटी परत करतो, जिचा अर्थ ‘जमत नाही’ असा नसून ‘आत्ता नाही, नंतर विचारा’ असा आहे. कर्नल त्या उपकरणाला प्रतीक्षायादीत ठेवतो आणि दुसरा कोणताही ड्रायव्हर जोडला गेला की पुन्हा विचारून पाहतो. पण पिनांच्या नियंत्रकाचे मॉड्यूल कर्नल बांधतानाच वगळले गेले असेल, तर ती प्रतीक्षा संपतच नाही. कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या डीबगएफएसमध्ये प्रतीक्षेतल्या उपकरणांची एक फाइल असते. टचपॅडचे नाव तिच्यात दिसले की निदान अर्धे झाले.

क्रमाचाच आणखी एक प्रसंग माझ्या घरच्या डेस्कटॉपवर घडला आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता. डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवलेली, त्यामुळे यंत्र सुरू होताना सांकेतिक वाक्य टाकावे लागे. कीबोर्ड आणि माउस दोन्ही पीएस/२. जागा वाचावी म्हणून मी प्रारंभीच्या रॅम-फाइलप्रणालीत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, त्या क्षणी वापरात असलेलीच मॉड्यूले घ्यावीत अशी सोय चालू केली होती. नंतर यूएसबी कीबोर्ड आणला, जुना अडगळीत टाकला, यंत्र सुरू केले. सांकेतिक वाक्य विचारणारा पडदा आला आणि कीबोर्ड ढिम्म. यूएसबीहिडची यादीतली ओळ आणि मॉड्यूल दोन्ही होते, पण होते डिस्कवर. आणि डिस्क उघडायला तो कीबोर्ड हवा होता. कुलूपबंद कपाटातच किल्ली. अडगळीतून जुना कीबोर्ड काढला, म्हणून सुटलो. त्यानंतर कीबोर्डची सर्व मॉड्यूले मी तिथे बिनशर्त ठेवतो, त्याने वाढणारी जागा कितीही असो.

मॉड्यूल येऊ नये असे वाटणाऱ्यांचीही एक गंमत आहे. ब्लॅकलिस्ट या शब्दाने मॉड्यूलवर बंदी येते असे वाटते, पण त्याचा अर्थ इतकाच की त्या मॉड्यूलने स्वतः केलेले दावे जुळणीत धरू नयेत. कोणी नाव घेऊन मागितले, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज पडली, तर ते येतेच. संगणकाच्या पोटातल्या कर्कश भोंग्यासाठी लोक पीसीस्पीकर हे मॉड्यूल असे रोखतात, आणि तिथे ते पुरते, कारण ते सहसा ओळखपत्रावरूनच येते. भोंगा हे इनपुट उपकरण कसे, असा प्रश्न पडेल. कर्नलमध्ये तो इनपुटच्याच घरात राहतो, कारण कळांच्या घटनांसारखीच आवाजाची घटनाही तिथे आहे, फक्त ती उलट दिशेने वाहते.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. उपकरण स्वतःविषयी जे सांगेल ते ही सारी व्यवस्था खरे धरून चालते. पेनड्राइव्हच्या आकाराच्या वस्तूने इंटरफेसचा वर्ग ०३ आणि प्रोटोकॉल ०१ सांगितला की ती कीबोर्ड होते, आणि मग ती टंकेल ते तुम्ही टंकले असे समजले जाते. २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी या नावाने हे दाखवले. लिनक्समध्ये नव्या यूएसबी उपकरणाला परवानगी मिळेपर्यंत त्याचे इंटरफेस वापरातच आणू नयेत अशी सोय आहे आणि तशी धोरणे राबवणारे यूएसबीगार्डसारखे कार्यक्रमही आहेत. पण एकमेव कीबोर्ड बदलायची वेळ आली की ही सोय आपल्यालाच कशी दाराबाहेर ठेवते, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

अलीकडचा माझा शेवटचा खटाटोप एका गेमपॅडचा. जोडल्यावर यूएसबीच्या यादीत तो दिसत होता, इव्हेंटची फाइल मात्र नाही. त्याचे पहिलेच ओळखपत्र वाचले: वर्ग एफएफ, उपवर्ग ५डी, प्रोटोकॉल ०१. एफएफ म्हणजे ‘उत्पादकाचे स्वतःचे’, तेव्हा वर्ग ०३ वर दावा सांगणारा यूएसबीहिड त्याला विचारणार नव्हता. ५डी आणि ०१ ही एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरची रीत, म्हणजे हा एक्सपॅड ड्रायव्हरचा गडी. एक्सपॅडच्या तक्त्यात हे तीन आकडे आहेत, पण वर्ग एफएफ असल्यामुळे ते आकडे दुसऱ्या कोणी वेगळ्याच कामासाठी वापरलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक उत्पादकासाठी तिथे स्वतंत्र रांग आहे. या उत्पादकाची रांग नव्हती. ती ओळ देऊन मॉडप्रोबला कोणते मॉड्यूल येईल असे विचारले, तेव्हा एकही नाव आले नाही.

एक्सपॅड हाताने लोड केला आणि त्याच्या ‘न्यू आयडी’ फाइलीत उत्पादक आणि उत्पादनाचे क्रमांक लिहिले. त्याच क्षणी गेमपॅड जोडला गेला, त्याचे इनपुटचे ओळखपत्र निघाले, त्यात १३० होते आणि जॉयडेव्हही आला. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सगळे पुसले गेलेले, कारण तो क्रमांक मॉड्यूल स्मृतीत असेपर्यंतच जगतो आणि यादीपर्यंत कधी पोहोचतच नाही. मग स्रोत उघडून एक्सपॅडच्या तक्त्यात त्या उत्पादकाची एक रांग घातली, मॉड्यूल बांधले, बसवले, डेपमॉड चालवले आणि गेमपॅड काढून पुन्हा जोडला. यावेळी तोच प्रश्न विचारल्यावर मॉडप्रोबने एक्सपॅडचे नाव सांगितले. ती रांग आता मेंटेनरांकडे पाठवण्यासाठी पॅच म्हणून तयार ठेवली आहे. बदल एका ओळीचा आहे, आणि त्यासोबतचे स्पष्टीकरण चार ओळींचे झाले आहे.